‘तिची निगेटिव्ह आलीय की’: गरोदर पत्नी, गाडीवरचा नवरा आणि घरच्या एचआयव्ही किटचे सोलापुरातील एक प्रकरण

ओळख पटू शकेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

ती २१ वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी, घरी विड्या वळणारी. तो २६ वर्षांचा, मालगाडीवर ड्रायव्हर. टॉवेल-चादरीच्या गाठी हैदराबादला पोचवायच्या आणि मिळेल तो परतीचा माल घेऊन यायचे. आठवड्यातले चार-पाच दिवस रस्त्यावर. लग्नाला वर्ष उलटून गेलेले. घरात सासू आणि धाकटा दीर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. दोघेही मराठी नीट वाचतात, इंग्रजी अडखळत.

फेब्रुवारीत, तिसऱ्या महिन्यात, तिने नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवले. हिमोग्लोबिन, रक्तगट, सिफिलिस, हिपॅटायटीस बी आणि एचआयव्ही या तपासण्या एकाच दिवशी झाल्या. एचआयव्ही निगेटिव्ह, म्हणजे अहवालाच्या भाषेत नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. त्या दिवशी तिला मोटारसायकलवरून तोच घेऊन आला होता आणि ती बाहेर येईपर्यंत फाटकापाशी थांबला होता. त्याला आत कुणी बोलावले नाही.

एप्रिलअखेर त्याला उजव्या बरगडीवर नागीण उठली. सासूने काव लावली, आग थांबेना म्हणून तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीच्या तळाशी एचआयव्ही तपासणी लिहून दिली. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू शरीरात दबून राहून पुन्हा डोके वर काढतो तो आजार. साठीनंतर तो सर्रास दिसतो, निरोगी तरुणालाही होऊ शकतो. पण पंचविशीतल्या माणसाला नागीण झाली की एचआयव्ही तपासून घ्यावा हा साधा वैद्यकीय शिरस्ता आहे, आणि डॉक्टरांनी तो पाळला. चिठ्ठी मात्र गाडीच्या कागदांत जाऊन बसली.

मेच्या पहिल्या आठवड्यात वस्तीतल्या आशाताईंकडे तिनेच विषय काढला. त्याला दोनदा सांगून झाले होते. दोन्ही वेळा एकच उत्तर: “तुझी झालीय की. निगेटिव्ह आलीय. मग माझी कशाला?”

अडचण नेमकी कोणती

हे उत्तर टाळाटाळीचे वाटते, पण तो ते मनापासून देत होता. असे मानणारे पुरुष पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बायकाही तेच मानतात. नवऱ्याला एचआयव्ही असला तरी प्रत्येक संबंधात तो बायकोकडे जातोच असे नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी राहतात. तिचा अहवाल तिच्या रक्तापुरता असतो, आणि तोही त्या तारखेच्या काही आठवडे आधीपर्यंतचाच.

गरोदरपणात या गैरसमजाची किंमत वाढते. फेब्रुवारीनंतर तिला लागण झाली असती, तर पुढच्या तपासणीपर्यंत कुणालाच कळले नसते. नव्याने लागण झालेल्या काळात रक्तातले विषाणू सर्वांत जास्त असतात, त्यामुळे पोटातल्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाला तेव्हाच अधिक धोका. एरवीही, काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के धरतात. ‘बायकोची निगेटिव्ह’ म्हणून निर्धास्त राहण्याची ही वेळ नव्हती.

दुसरी अडचण रोजीची. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, म्हणजे आयसीटीसी, सकाळच्या वेळात चालते. तो घरी असतो त्या सकाळी गाडी भरायची असते. खेप चुकली की पैसे नाहीत. शिवाय ‘सिव्हिलमध्ये त्या खोलीसमोर कुणी बघितलं तर’ ही धास्ती.

कोणते पर्याय तपासले

थोरल्या जावेने सुचवले, “शुगर बघू म्हणा आणि रक्त घ्या.” आशाताईंनी हे तिथेच थांबवले. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, फसवून घेतलेल्या रक्ताचा निकाल त्या माणसाला सांगायचा कसा? आणि सांगितल्यावर तो औषधाला येईल का?

दुसरा पर्याय: तिनेच घरी तपासायचे किट मिळवून त्याच्या हातात द्यायचे. ही पद्धत जगभर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्व-तपासणीची शिफारस केली. त्याच वर्षी केनियातल्या किसुमूमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या ज्या महिलांना दोन किट घरी दिली, त्यांच्यापैकी सुमारे ९१ टक्के जणींच्या जोडीदाराची तपासणी झाली. ज्यांना फक्त केंद्रात बोलावण्याची चिठ्ठी दिली, त्यांच्यात सुमारे ५२ टक्के. फरक मोठा आहे. पण त्या आकड्यावरून या घरातला निर्णय होत नव्हता, म्हणून आयसीटीसीच्या समुपदेशकांनी आधी तिला एकटीला बोलावून चार प्रश्न विचारले. तो कधी हात उचलतो का? चिडला की काय करतो? घरखर्च कुणाच्या हातात? निकाल वाईट आला तर त्या रात्री तू कुठे असशील?

मारहाण नव्हती. पण चिडला की दोन-दोन दिवस बोलत नाही आणि पैसे देत नाही, असे तिने सांगितले. विडीची मजुरी सासूच्या हातात जाते. तिचे पुढचे वाक्य निर्णायक ठरले: “मीच किट आणून दिलं तर म्हणतील, तुला कुठनं डाउट आला? मग माझ्यावरच फिरंल ते.” अशा वेळी बाईच्या हाती किट देणे म्हणजे नवऱ्याच्या तपासणीची जबाबदारी आणि तिचे सगळे परिणाम तिच्या एकटीच्या पदरात टाकणे. हा पर्याय सोडला. आमच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत बरोबर निर्णय होता.

तिसरा पर्याय निवडला. नागिणीच्या चिठ्ठीचा धागा धरून समुपदेशकांनी थेट त्याच्याशी बोलायचे आणि बायकोचे नाव मध्ये आणायचे नाही. फोन झाला. “नागीण झालेल्या प्रत्येक तरुणाला आम्ही हे सांगतो,” इथून सुरुवात केली. केंद्रात यायला तो तयार झाला नाही. मोबाईलवरून किट मागवतो म्हणाला. त्याला अडवले नाही. किट आल्यावर उघडण्याआधी फोन करायचा, एवढे ठरले.

किट आले तेव्हा

फोन आला नाही. नंतर कळलेली हकीकत अशी.

पार्सल ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आले, तिथून गाडीत गेले आणि दोन दिवस डॅशबोर्डवर राहिले. मे महिना, बाहेर चाळिसाच्या वर पारा. अशा बहुतेक किटवर २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवा असे छापलेले असते. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे तापमान त्याच्या कितीतरी वर जाते. पट्टीवरची रसायने उष्णतेने खराब झाली की कधी रेघ उमटत नाही, कधी पुसट उमटते.

दुसरे, ते किट घरगुती वापराचे नव्हतेच. प्रयोगशाळेत वापरतात ते साधे कार्ड होते; खोक्यावर इंग्रजीत ‘केवळ व्यावसायिक वापरासाठी’ असा इशारा होता. स्व-तपासणीच्या किटमध्ये चित्रांसह पायऱ्या, एका माणसापुरते सगळे साहित्य आणि निकालानंतर काय करायचे याची सूचना असते. या पाकिटात कार्ड, ओलावा शोषणारी पुडी, ड्रॉपर, द्रावणाची छोटी बाटली, एक सुई आणि स्पिरिटचा बोळा होता, आणि बारीक अक्षरांतला इंग्रजी कागद.

उमरग्याच्या पुढे, रात्री अकराच्या सुमारास, गाडी बाजूला घेऊन त्याने मोबाईलच्या उजेडात तपासणी केली. स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली, त्यामुळे थेंब पसरला. ड्रॉपर अर्धाच भरला. द्रावण किती थेंब टाकले ते त्याला आठवत नव्हते. मग जेवायला ढाब्यात गेला आणि पाऊण तासाने येऊन बघितले. ‘सी’ (कंट्रोल) पाशी ठळक रेघ, ‘टी’ (टेस्ट) पाशी नीट बघितली तरच दिसेल अशी पुसट रेघ. त्याने ती धरलीच नाही. कार्डाचा फोटो काढून बायकोला पाठवला: ‘निगेटिव्ह. आता तरी गप्प बस.’

कार्ड वाचण्याचा नियम असा. ‘सी’ रेघ आलीच नाही तर तपासणी बाद, ‘टी’पाशी काहीही दिसो. फक्त ‘सी’ आली तर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही आल्या तर रिअ‍ॅक्टिव्ह, मग ‘टी’ कितीही पुसट असो. मात्र हे सगळे कागदावर दिलेल्या वेळेतच वाचायचे. बऱ्याच रक्ताच्या कार्डांना १५ ते २० मिनिटे लागतात, हिरड्यांवरून घ्यायच्या एका प्रचलित किटला २० ते ४०. वेळ टळून गेल्यावर कार्ड वाळताना खोटी पुसट रेघ उमटू शकते. म्हणजे या कार्डाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागत नव्हता: रेघ खरी असू शकत होती, आणि उशिराने उमटलेलीही.

फोटो: कुणी वाचायचा, कुणाला सांगायचा

ती फोटो घेऊन आशाताईंकडे आली. “निगेटिव्हच आहे ना?”

आशाताईंना पुसट रेघ दिसली होती. तिथे त्यांनी तोंडावर काही न दाखवता एवढेच सांगितले, “फोटोवरनं आम्ही कुणाचाच निकाल सांगत नाही. त्यांनाच सरांशी बोलू दे. तोवर निरोधशिवाय संबंध नको.” हे शेवटचे वाक्य फार मोलाचे. तिचे रक्षण लगेच सुरू झाले आणि त्याचा निकाल त्याच्या आधी तिला कळला नाही. हेच वाक्य ‘बाळासाठी डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणून घरात सांगायला तिला सोयीचे पडले. त्यात खोटे काही नव्हते.

समुपदेशकांनी त्याला फोन केला. तो सुरुवातीला चिडलाच: “फोटो तुमच्याकडं कसा आला?” प्रश्न रास्त होता. फोटो पाहून निकाल कुणालाही सांगितलेला नाही हे समुपदेशकांनी स्पष्ट केले. मग किती मिनिटांनी वाचले, किट कुठे ठेवले होते, किती थेंब टाकले, हे एकेक विचारत गेले. चौथ्या उत्तराला त्याच्याच लक्षात आले की तपासणी चुकली आहे. त्याला ‘तुम्हाला एचआयव्ही असू शकतो’ असे फोनवर सांगितले नाही; ‘हे कार्ड धरता येत नाही, रक्त नीट तपासू’ असे सांगितले. परतीच्या खेपेला, गाडी रिकामी करून, तो घामेजल्या कपड्यांनिशी थेट सिव्हिलला आला.

आयसीटीसीत

पहिली तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणून त्याच नमुन्यावर वेगळ्या बनावटीची दुसरी आणि तिसरी केली. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच अहवाल पॉझिटिव्ह देतात. तो पॉझिटिव्ह आला.

त्याचा पहिला प्रश्न: “तिला आणि बाळाला?” दुसरा: “बाळंतपण होईपर्यंत तिला सांगू नका.”

इथे कायदा दोन बाजूंनी बघावा लागतो. त्याचा निकाल गोपनीय आहे, आणि तिला खरा धोका आहे. कलम ९ प्रमाणे डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात, पण आधी त्या व्यक्तीला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन झालेले हवे, तरीही ती सांगणार नाही अशी खात्री हवी, आणि आम्ही सांगणार आहोत हे त्या व्यक्तीला आधी कळवलेले हवे. बाई पॉझिटिव्ह असेल आणि सांगितल्याने हिंसा होण्याची किंवा तिला घराबाहेर काढण्याची वाजवी भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगायचे नाही, असेही त्याच कलमात आहे. इथे पॉझिटिव्ह पुरुष होता, त्यामुळे त्या अपवादाचा प्रश्न आला नाही. समुपदेशकांनी कायद्याचा धाक घातला नाही. बाळंतपणापर्यंत थांबलो तर तिच्या तपासण्यांच्या तारखा कशा हुकतील ते कागदावर महिने लिहून दाखवले. शेवटचा निरोधविना संबंध मेच्या सुरुवातीचा. तिथून तीन महिने म्हणजे ऑगस्टची सुरुवात. बाळंतपणाची तारीख ऑगस्टअखेर. ऑगस्टमधली तपासणी वेळेवर झाली नाही तर बाळाला जन्मताच औषध द्यायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवता येणार नव्हते. त्याने दोन दिवस मागितले.

तिसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला आणि समुपदेशकांच्या खोलीत स्वतः सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, “लग्नाआधीचं की नंतरचं?”

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जोडप्यात येतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर एकच आहे: तपासणी ते सांगत नाही. ती फक्त आज रक्तात प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) आहेत की नाहीत एवढे दाखवते. त्याचा सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, तीनशेच्या आसपास आला, म्हणजे लागण जुनी असण्याची शक्यता जास्त, पण त्यावरून तारीख काढता येत नाही. समुपदेशकांनी अंदाज बांधला नाही आणि त्याच्या वतीने सफाईही दिली नाही. कुठून आले हे त्याला कुणी खोदून विचारले नाही.

तिची तपासणी त्याच दिवशी झाली. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.

पुढे काय झाले

खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम हे विचारून टीबीची शंका दूर केली आणि त्याच आठवड्यात सिव्हिलच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्रात, औषध सुरू झाले: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्र गोळी, दिवसातून एक. रात्री नऊची वेळ ठरवली. दोन अडचणी महिन्याभरात पुढे आल्या. अ‍ॅसिडिटीसाठी तो रोज जेवणानंतर अँटासिड घ्यायचा. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषले जात नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायला सांगितली. दुसरे, सासूच्या नजरेस पडू नये म्हणून त्याने गोळ्या साध्या कागदात बांधून गाडीत ठेवल्या होत्या. त्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट मूळ बाटलीत आणि गाडीऐवजी अंगाबरोबरच्या बॅगेत ठेवायला लावल्या.

तिच्यासाठी निरोध आणि ठरावीक तपासण्या एवढेच ठरले. लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्यांबद्दलही, म्हणजे प्रेपबद्दल, डॉक्टर बोलले. त्या गरोदरपणात घेता येतात हे तिला समजावले. तिने निरोधावर राहायचे ठरवले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तपासणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. मुलगी झाली, बाळाला अंगावरचे दूध सुरू झाले. बाळंतपण झाले की निरोध सुटतो, हे अनेक घरांत घडते. म्हणून स्तनपानाच्या काळातही लागण झाली तर बाळाला धोका असतो हे प्रसूतीआधीच दोघांना पुन्हा सांगितले होते. सहा महिन्यांनी त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, मोजला, विषाणू सापडण्याच्या पातळीखाली होते. औषध नियमित आणि व्हायरल लोड असाच राहिला तर संबंधांतून लागण होत नाही, हे ऐकून त्याने ते दोनदा विचारून घेतले.

सासूला अजून माहीत नाही. सांगायचे की नाही हा निर्णय त्या दोघांचा. पैशाच्या बाबतीत घरात फारसे बदललेले नाही. विडीची मजुरी आजही सासूकडेच जाते, आणि हे दुखणे कुठल्याच गोळीने जाणारे नाही.

वेगळे काय करता आले असते

फेब्रुवारीत फाटकापाशी थांबलेल्या नवऱ्याला आत बोलावून विचारले असते, तर पुढचे तीन महिने वाचले असते. गरोदर बाईला ‘तुमची निगेटिव्ह आहे’ एवढेच सांगून पाठवणे अपुरे आहे. ‘यांची अजून बघायची आहे’ हे त्याच श्वासात, दोघांसमोर म्हटले पाहिजे.

‘किट उघडण्याआधी फोन करा’ ही सूचना पुरेशी नव्हती. किट मागवण्याआधीच कोणते घ्यायचे, कुठे ठेवायचे आणि कधी करायचे हे सांगायला हवे होते. सगळ्यांत काळजीची गोष्ट म्हणजे त्याने ते रात्री, एकट्याने, महामार्गावर केले. त्या रात्री त्याने ती पुसट रेघ धरली असती तर भरलेली गाडी घेऊन पुढे हैदराबादपर्यंत तोच चालवत गेला असता. ड्रायव्हरसाठी ‘गाडीवर असताना तपासणी नाही’ ही अट पहिली हवी.

फोटो बायकोमार्फत आला, तेही टाळता आले असते. निकाल कुणाला पाठवायचा आणि कुणाला नाही हे पहिल्याच फोनवर ठरायला हवे.

या तिन्ही गोष्टी ध्यानात घेऊन किट मागवणाऱ्यासाठी आता एक आवाजी निरोप पाठवला जातो. त्यातले शब्द असे:

“खोक्यावर ‘स्व-तपासणी’ लिहिलं असेल तरच वापरा. घरात सावलीत ठेवा, गाडीत नको. हिरड्यांचं किट असेल तर मावा-गुटखा थुंकून चूळ भरा, आणि खाल्ल्या-प्याल्यावर निदान पंधरा मिनिटं थांबा. दात घासले असतील तर अर्धा तास. रक्ताचं असेल तर हात धुवा, स्पिरिट वाळू द्या, बोटाच्या कडेला टोचा. मोबाईलवर गजर लावा, कागदावरच्या वेळेतच वाचा. गाडीवर असताना करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी असेल तेव्हा करा. दोन रेघा आल्या तरी तो शेवटचा निकाल नाही, तीन तपासण्या व्हायच्या आहेत. एकच रेघ आली आणि गेल्या तीन महिन्यांत धोका झाला असेल तर तीन महिने भरल्यावर परत करायची. फोटो कुणाला पाठवू नका, आम्हालाही नको. आधी फोन करा. आम्ही उचलला नाही तर १०९७ ही एचआयव्ही हेल्पलाइन फुकट आहे, रात्रीही चालतो.”